या खेळात रोटी आहे का?

गोल्फ हा बड्या साहेबांचा खेळ, अशी आपली समजूत. पण साहेबांच्या जड पिशव्या खांद्यावर वाहणाऱ्या पोरांनीच या खेळातले मोठमोठे चषक उचलले आहेत. त्यांपैकी एक होता फ्रान्सच्या समुद्रकाठचा आर्नो मासी. त्याची ही कहाणी. तिची सुरुवात मात्र लखनौच्या एका मराठी स्वयंपाकघरात झाली!

लखनौच्या महानगर भागात माझी मावशी गेली तीस वर्षे राहते. काकांच्या नोकरीनिमित्त पुण्याहून इकडे आलेले हे कुटुंब आता पुरते लखनवी झाले आहे. रिक्षावाल्याशीसुद्धा ‘आप’ म्हणून बोलायचे, घरी आलेल्याला दोनदा चहा पाजल्याशिवाय सोडायचे नाही. सकाळच्या पोह्यांवर ओले खोबरे मात्र हवेच! गेल्या खेपेला मी तिच्याकडे उतरलो होतो, तेव्हाची ही गोष्ट.

मावशीकडे पोळ्या करायला एक बाई येतात. त्यांचा मुलगा एकोणीस वर्षांचा, बारावी झालेला. घरच्यांची इच्छा त्याने रेल्वेच्या परीक्षेला बसावे ही. पण पोरगा पहाटे उठतो, सायकल काढतो आणि गोल्फच्या मैदानावर जाऊन खेळणाऱ्यांच्या पिशव्या उचलतो. एवढ्यावर थांबता तर हरकत नव्हती. आता त्याच्या मनाने घेतले आहे की आपण स्वतः खेळायचे आणि त्यावरच पोट भरायचे!

मी मासिकात लिहितो हे बाईंना मावशीकडून कळले होते. पोळपाटावरचा हात थांबवून त्यांनी मला विचारले, “भैया, आप तो पढ़े-लिखे हैं। सच बताइए, इस खेल में रोटी है क्या?”

काका वर्तमानपत्रातून डोके वर काढून म्हणाले, “अरे, तो साहेब लोकांचा खेळ. त्यात आपल्यासारख्यांचे काय काम?” मावशी म्हणाली, “अहो, तुम्ही गप्प बसा. त्याला सांगू दे.”

खरे सांगायचे तर माझ्याजवळ उत्तर नव्हते. गोल्फविषयी माझे ज्ञान दूरदर्शनच्या बातम्यांत शेवटी दिसणाऱ्या हिरवळीपुरतेच. “दोन-चार दिवसांत सांगतो,” असे म्हणून मी वेळ मारून नेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निशातगंजचा पूल ओलांडून, हजरतगंज मागे टाकून गोल्फ क्लब चौकात जाऊन पोहोचलो.

एका फ्रेंच माणसाच्या अंगणात

लखनौचे गोल्फचे मैदान ला मार्टिनियर या प्रसिद्ध शाळेच्या शेजारी आहे, आणि ही शाळा ज्या भव्य वास्तूत भरते ती एका फ्रेंच माणसाने स्वतःसाठी बांधायला घेतलेली. क्लोद मार्टिन त्याचे नाव. १७३५ मध्ये फ्रान्समधल्या लियाँ शहरात जन्मलेला हा गृहस्थ साधा शिपाई म्हणून हिंदुस्थानात आला, पुढे इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीत शिरून मेजर जनरल झाला आणि नवाब असफउद्दौलाच्या लखनौत अमाप पैसा मिळवून बसला. १८०० साली तो वारला, तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला याच वास्तूच्या तळघरात पुरण्यात आले. त्याने ठेवलेल्या पैशातून लखनौ, कोलकाता आणि त्याचे जन्मगाव लियाँ अशा तिन्ही ठिकाणी शाळा निघाल्या. शिपायाचा जनरल झालेल्या या माणसाबद्दल स्वतंत्र लेख लिहिता येईल. असो.

सकाळच्या कोवळ्या उन्हात हिरवळीवर माणसे चाललेली दिसत होती. पुढे टोपी घातलेले खेळाडू आणि मागे खांद्याला लांबलचक पिशवी अडकवलेले दुसरे कोणीतरी. या दुसऱ्या माणसाला कॅडी म्हणतात. फ्रेंच माणसाच्या या शेजारात ते दृश्य पाहताना मला वाटले, या पिशवीवाल्यांतून कोणी कधी मोठा खेळाडू झाला आहे का, हे आधी शोधावे. परतल्यावर पुस्तके चाळू लागलो आणि गाठ पडली ती दुसऱ्याच एका फ्रेंच माणसाशी.

त्याआधी ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. गोल्फच्या मैदानात अठरा खळगे असतात. काठीने चेंडू मारत मारत तो कमीत कमी फटक्यांत एकेका खळग्यात घालायचा. क्रिकेटमध्ये धावा जास्त करणारा जिंकतो, इथे फटके कमी मारणारा जिंकतो. लांब मारायची काठी वेगळी, वाळूतून चेंडू काढायची वेगळी, हलकेच ढकलायची वेगळी. नियमाने जास्तीत जास्त चौदा काठ्या बाळगता येतात. त्या सगळ्या पिशवीत भरून सात-आठ किलोमीटर चालायचे ते कॅडीने. पण चांगला कॅडी नुसता हमाल नसतो. वारा कुठून वाहतो, गवताचा उतार कुणीकडे आहे, इथून खळगा किती पावलांवर आहे, कोणती काठी घ्यावी, हे तो खेळणाऱ्याच्या कानात सांगतो. म्हणजे खेळाचे अर्धे शिक्षण तो न खेळताच घेत असतो.

सार्डिनच्या होडीवरून

फ्रान्सच्या नैर्ऋत्येला, स्पेनची हद्द जिथे जवळ येते तिथे बिआरित्झ नावाचे गाव आहे. अटलांटिक महासागराच्या लाटा थेट गावाला येऊन भिडतात. फ्रान्सच्या सम्राज्ञीने इथे राजवाडा बांधल्यापासून या कोळ्यांच्या गावाचे नशीब पालटले. हिवाळ्यात धुके आणि थंडी टाळण्यासाठी धनवान इंग्रज इथे येऊन राहू लागले. इंग्रज जाईल तिथे त्याचा चहा आणि त्याचा खेळ बरोबर जातो, हे आपल्याला सांगायला नको! १८८८ मध्ये त्यांनी बिआरित्झला गोल्फचे मैदान केले.

आर्नो मासीचा जन्म याच गावी ६ जुलै १८७७ रोजी झाला. बाप मेंढ्या पाळणारा शेतकरी, जात बास्क. म्हणजे डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये राहणारी, काटक आणि हट्टी म्हणून प्रसिद्ध असलेली माणसे. आर्नो लहानपणी सार्डिन मासे पकडणाऱ्या होड्यांवर कामाला जाई. मैदान झाले तेव्हा तो दहा-अकरा वर्षांचा होता. होडीवर जाळी ओढण्यापेक्षा इंग्रजांच्या पिशव्या वाहण्याचे काम सोपे आणि पैसेही रोख. गावातली इतर पोरे गेली तसा तोही गेला.

पिशवी वाहता वाहता त्याने खेळ पाहून घेतला. शिकवायला कोणी नव्हते. तो मूळचा डावखुरा. सुरुवात त्याने डावखुरीच केली, पण पुढे उजव्या हाताने खेळू लागला आणि जगाने त्याला पाहिले ते उजव्या हाताचा खेळाडू म्हणूनच! डावखुऱ्या मुलांच्या हातातली पेन्सिल काढून उजव्या हातात देणाऱ्या आयांनी यावरून भलताच धडा घेऊ नये, एवढी विनंती.

हिवाळ्यात ब्रिटनचे व्यावसायिक खेळाडूही बिआरित्झला येत. त्यांच्यासमवेत खेळताना हा धिप्पाड पोरगा त्यांच्या बरोबरीने चेंडू मारतो हे लोकांच्या लक्षात येऊ लागले. सर एव्हरार्ड हॅम्ब्रो या धनाढ्य इंग्रज सावकाराने त्याला पाठबळ दिले आणि १८९८ मध्ये एकविसाव्या वर्षी मासी स्कॉटलंडला, नॉर्थ बेरविक या गावी जाऊन दाखल झाला. गोल्फचे माहेरघर स्कॉटलंड. तिथे बेन सेयर्स या नावाजलेल्या खेळाडूच्या हाताखाली तो घडला.

विचार करा, भाषा परकी, हवा बोचरी, अन्न वेगळे. त्या काळी फ्रेंच माणूस गोल्फ खेळतो म्हणजे ब्रिटिशांच्या दृष्टीने गंमतच. पण मासी तिथे नुसता टिकला नाही, तर नॉर्थ बेरविकच्याच मुलीशी लग्न करून त्या गावचा जावई झाला.

होयलेकचा वारा

गोल्फमध्ये सर्वांत जुनी आणि मानाची स्पर्धा म्हणजे ब्रिटनची ओपन. त्या काळात या स्पर्धेवर तीन खेळाडूंचे राज्य होते: हॅरी व्हार्डन, जे. एच. टेलर आणि जेम्स ब्रेड. १८९४ ते १९१४ या काळात ही स्पर्धा २१ वेळा झाली. त्यांपैकी १६ वेळा या तिघांपैकीच कोणीतरी जिंकला. हे तिघेही गरिबाघरचे. टेलरने स्वतः पोरवयात पिशव्या वाहिल्या होत्या आणि ब्रेड सुताराच्या हाताखाली उमेदवारी करून आला होता. साहेबांचा खेळ म्हणतो तो आपण, पण त्यातले खरे सम्राट हे असे होते!

या तिघांच्या फळीला खिंडार पाडणे सोपे नव्हते. मासी १९०५ मध्ये पाचवा आला, १९०६ मध्ये सहावा. त्याच १९०६ मध्ये फ्रान्सने आपली स्वतःची खुली स्पर्धा सुरू केली. ती पहिलीच स्पर्धा मासीने जिंकली आणि पुढच्या वर्षी पुन्हा जिंकून दाखवली.

मग आला जून १९०७. इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचे होयलेक. दोन दिवस, रोज दोन फेऱ्या, आणि समुद्रावरून असा वारा सुटलेला की उभे राहणे कठीण. ज्यांनी सगळा जन्म बंदिस्त बागेसारख्या मैदानांवर घालवला होता त्यांचे चेंडू भरकटू लागले. मासी मात्र अटलांटिकच्या काठचा. होडीत उभे राहून जाळी ओढणाऱ्याला वाऱ्याचे काय कौतुक! पहिल्या फेरीत ७६ फटके, दुसरीत ८१, तिसरीत ७८. तीन फेऱ्या संपल्या तेव्हा टेलर त्याच्या एका फटक्याने पुढे होता.

शेवटच्या फेरीत तिसऱ्या खळग्यापाशी टेलरचा खेळ घसरला. एकाच खळग्याला सात फटके लागले. मासी शांतपणे खेळत राहिला आणि ७७ फटक्यांत फेरी संपवली. एकूण ३१२. टेलर ३१४. ओपनचा चषक प्रथमच ब्रिटिश बेटांबाहेरच्या माणसाच्या हाती गेला!

आजच्या खेळाडूंना हे आकडे पाहून हसू येईल. याच होयलेकवर २०१४ मध्ये रोरी मॅकिलरॉय २७१ फटक्यांत जिंकला. पण मासीच्या हातात लाकडी दांड्याच्या काठ्या होत्या आणि तो ओबडधोबड गवतावर खेळत होता, हे विसरून चालणार नाही. असे सांगतात की बक्षीस घेताना मासीने इंग्लंड-फ्रान्स मैत्रीचा जयजयकार केला. तीनच वर्षांपूर्वी दोन्ही देशांत करार झाला होता. गर्दी खूष झाली असणार. त्याच आठवड्यात त्याला मुलगी झाली. तिच्या नावात त्याने ‘होयलेक’ हा शब्द घातला. आपल्याकडे नाही का, पंढरपूरच्या वारीत असताना मुलगा झाला की पांडुरंग नाव ठेवतात, त्यातलाच प्रकार.

आता बाईंच्या प्रश्नाकडे वळू. या विजयाने मासीला रोख किती मिळाले? तीस पौंड! एका मोसमाचे घरभाडे आणि किराणा यातून सुटला असेल, आयुष्य नव्हे. व्यावसायिक खेळाडूचे पोट त्या काळी बक्षिसावर चालत नसे. क्लबाच्या सभासदांना शिकवायचे, काठ्या दुरुस्त करायच्या, चेंडू विकायचे, कोणी बोलावले तर प्रदर्शनी सामने खेळायचे. सगळ्या युरोपला हरवून आलेल्या माणसानेही दुसऱ्या दिवशी कोणा व्यापाऱ्याच्या मुलाला काठी कशी धरावी ते दाखवायचे! पुष्कळ क्लबांत तर या खेळाडूंना मुख्य इमारतीत पाऊल टाकायला मज्जाव असे. कपडे बदलायचे ते बाहेरच्या खोलीत. १९२० मध्ये अमेरिकेत टोलेडो शहरातल्या इन्व्हर्नेस क्लबाने राष्ट्रीय स्पर्धेसाठी आलेल्या या खेळाडूंना प्रथम आपले दार उघडले. त्याचे त्यांना एवढे अप्रूप वाटले की सर्वांनी मिळून क्लबाला एक उंच घड्याळ भेट दिले. आत येऊ दिले म्हणून घड्याळ! मला या साऱ्या कहाणीत हीच गोष्ट सर्वांत जास्त लागली.

यशानंतरचे आयुष्य

१९११ मध्ये मासी पुन्हा ओपनच्या शिखरापर्यंत पोहोचला. सँडविच येथे त्याची आणि व्हार्डनची बरोबरी झाली. निकालासाठी दोघांनी आणखी छत्तीस खळगे खेळायचे होते. व्हार्डन इतका पुढे गेला की पस्तिसाव्या खळग्यावर मासीने चेंडू उचलून घेतला आणि हार मान्य केली. एक खळगाच राहिला होता, पण उरलेच नव्हते काही. त्याच वर्षी त्याने गोल्फवर फ्रेंचमध्ये पुस्तक लिहिले, पुढे त्याचा इंग्रजी अनुवादही झाला. शाळेपेक्षा होडीवर जास्त दिवस घालवलेल्या माणसाचे हे पुस्तक! १९१२ मध्ये स्पेनने आपली खुली स्पर्धा सुरू केली, तीही पहिल्याच वर्षी मासीने जिंकली.

मग महायुद्ध पेटले. मासी फ्रेंच सैन्यात गेला आणि व्हर्दूनच्या भीषण रणांगणात जखमी झाला. युद्ध संपले तेव्हा तो चाळिशी ओलांडलेला होता. दुसरा कोणी असता तर काठ्या खुंटीला टांगल्या असत्या. पण १९२५ मध्ये, अठ्ठेचाळिशीच्या उंबरठ्यावर, त्याने चौथ्यांदा फ्रान्सची स्पर्धा जिंकली. स्पेनची स्पर्धा तर १९२७ आणि १९२८ अशी लागोपाठ दोन वर्षे! पन्नाशी उलटलेला माणूस पोरांना हरवत होता. हे हौसेपोटी की पोटासाठी, असा प्रश्न मला पडला. पुढचे वाचल्यावर उत्तराची वेगळी गरज उरली नाही. १९५० मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरील एत्रता गावी आर्नो मासी गरिबीत वारला.

ब्रिटिश बेटांबाहेरच्या युरोपातला दुसरा माणूस ओपन जिंकला तो थेट १९७९ मध्ये, म्हणजे ७२ वर्षांनी. तो स्पेनचा सेव्ह बॅलेस्टेरॉस. त्याचे गाव पेद्रेन्या. तेही समुद्रकाठचे, आणि तिथेही तो लहानपणी काय करी? कॅडीचे काम! मिळालेली एकच काठी घेऊन समुद्राच्या वाळूत चेंडू मारत तो खेळ शिकला. फरक एवढाच की मासीला तीस पौंड मिळाले आणि बॅलेस्टेरॉसच्या काळापर्यंत दूरचित्रवाणी आली होती, जाहिराती आल्या होत्या. तो श्रीमंत झाला.

फ्रान्सच्या पुरुषांना मात्र मासीनंतरची शंभर वर्षे असे यश पुन्हा लाभले नाही. बायकांनी लाज राखली. १९६७ मध्ये कॅथरीन लाकोस्त अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा हौशी खेळाडू असताना जिंकली. छातीवर मगरीचे चित्र असलेले शर्ट आपण पाहतो ना, त्या टेनिसवीर लाकोस्तची ही मुलगी. अर्थात तिच्या घरी रोटीचा प्रश्न नव्हता.

पुरुषांमध्ये सर्वांत जवळ पोहोचला तो जाँ व्हान द व्हेल्द. गंमत पाहा, त्याचेही बालपणीचे गोल्फ बिआरित्झचेच! १९९९ मध्ये स्कॉटलंडमधील कार्नूस्टीच्या ओपनमध्ये शेवटच्या खळग्यावर तो उभा राहिला तेव्हा त्याच्याकडे तीन फटक्यांची आघाडी होती. सहा फटके लागले असते तरी चषक त्याचा होता. त्याने जोखमीचा मार्ग धरला. एक चेंडू प्रेक्षकांच्या गॅलरीच्या कठड्यावर आपटून उंच गवतात पडला, त्यापुढचा ओढ्यात गेला. बूट-मोजे काढून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून गडी ओढ्यात उतरला! जगभरातल्या प्रेक्षकांना हसावे की रडावे कळेना. शेवटी सात फटके लागले, तिघांची बरोबरी झाली आणि पुढच्या निर्णायक खेळात स्कॉटलंडचा पॉल लॉरी जिंकला. दुसऱ्या दिवशी टीका सुरू झाली तेव्हा अनेकांनी बोट कोणाकडे दाखवले? त्याच्या कॅडीकडे! त्याने काठी हातातून काढून का घेतली नाही म्हणे. जिंकला तर साहेब, हरला तर पिशवीवाला!

आपल्याकडचे पिशवीवाले

हे सगळे परदेशचे झाले. पण आपल्या देशाचे काय, हा प्रश्न होताच.

गोल्फ हिंदुस्थानला नवा नाही. ब्रिटिश बेटांबाहेरचा जगातला सर्वांत जुना क्लब म्हणजे १८२९ मध्ये निघालेला कोलकात्याचा रॉयल कलकत्ता. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे खेळणारे साहेब आणि वाहणारे आपण असेच चालले. साहेब गेले, त्यांच्या जागी आपले अधिकारी आणि उद्योगपती आले. पिशव्या त्याच खांद्यांवर राहिल्या.

आपल्या देशाची सर्वांत मोठी स्पर्धा इंडियन ओपन १९६४ मध्ये सुरू झाली. सुरुवातीची पुष्कळ वर्षे ती परदेशी खेळाडूच नेत. १९६५ मध्ये पी. जी. सेठी जिंकले, पण ते हौशी खेळाडू. भारतीय व्यावसायिक खेळाडूने ही स्पर्धा प्रथम जिंकली ती १९९१ मध्ये, आणि तो होता अली शेर. दिल्ली गोल्फ क्लबचा कॅडी! १९९३ मध्ये त्याने ती पुन्हा जिंकली. सरकारने त्याला अर्जुन पुरस्कार दिला. १९९८ मध्ये फिरोज अली जिंकला, तो कोलकात्याचा कॅडी. २००९ मध्ये बंगळुरूचा सी. मुनियप्पा, तोही कॅडीच. २०१६ आणि २०१७ अशी सलग दोन वर्षे जिंकणाऱ्या एस. एस. पी. चौरसियाचे वडील रॉयल कलकत्ता क्लबात हिरवळीची निगा राखत. वडिलांनी जपलेल्या गवतावर मुलगा खेळ शिकला आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये देशासाठी उतरला.

आणि या यादीत २००२ च्या पुढे जे नाव आहे ते वाचून मी खुर्चीतच सरसावून बसलो. विजय कुमार, लखनौ!

म्हणजे मी ज्या चौकात उभा राहून प्रश्न विचारत होतो त्याचे उत्तर त्याच शहरात होते. विजय कुमारही कॅडी म्हणून या खेळात आला. १९८८ मध्ये व्यावसायिक झाला आणि २००२ मध्ये दिल्लीत इंडियन ओपन जिंकला. म्हणजे मधली चौदा वर्षे! या वर्षांत कितीदा घरच्यांनी विचारले असेल की बाबा रे, रोटी कुठे आहे? देशातल्या व्यावसायिक खेळाडूंच्या वार्षिक क्रमवारीत तो एकदा नव्हे, चार वेळा पहिला आला. के. डी. सिंग ‘बाबूं’च्या हॉकीसाठी आणि सय्यद मोदीच्या बॅडमिंटनसाठी ओळखल्या जाणाऱ्या या शहरात त्याचे नाव किती घरांत ठाऊक असेल? काका तीस वर्षे इथे राहतात. त्यांनी ऐकले नव्हते.

महूचा मुकेश कुमार हे आणखी एक अजब उदाहरण. महू म्हणजे डॉ. आंबेडकरांचे जन्मस्थान, मराठी माणसाला ते वेगळे सांगायला नको. या मुकेशने देशात शंभरहून अधिक स्पर्धा जिंकल्या, पण आशियाई पातळीवरची पहिली स्पर्धा जिंकली ती २०१६ च्या डिसेंबरात, वयाच्या ५१ व्या वर्षी. मासीची आठवण होते की नाही?

आपल्या मराठी मुलखातही खेळ पसरतो आहे. चेंबूरचे प्रेसिडेन्सी, पुण्याचे येरवड्याकडचे मैदान ही नावे जुनी. पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिकला गेला तो अगदी ऐनवेळी दुसऱ्या देशाच्या खेळाडूने माघार घेतल्यामुळे, पण गेला. त्याच ऑलिंपिकमध्ये बंगळुरूची अदिती अशोक चौथी आली, पदक थोडक्यात हुकले. तेव्हा तिची पिशवी कोणाच्या खांद्यावर होती? तिच्या आईच्या! त्याआधी रिओला वडिलांच्या खांद्यावर होती. लेकीची पिशवी उचलणारी ती माउली दूरचित्रवाणीवर पाहिली तेव्हा मला शाळेच्या गेटपाशी दप्तर धरून उभ्या असणाऱ्या सगळ्या आया आठवल्या.

मात्र एक गोष्ट इथे लपवून ठेवणे बरे नाही. ही सारी नावे जिंकलेल्यांची आहेत. एका अली शेरमागे किती कॅडी पहाटे उठून पिशव्या वाहतात आणि म्हातारे होईपर्यंत वाहतच राहतात, त्यांची नावे कुठल्या यादीत नाहीत. खेळायला काठ्या लागतात, त्या महाग. स्पर्धेला प्रवेश शुल्क लागते, प्रवास लागतो, राहणे लागते. पहिल्या दोन दिवसांत मागे पडणारे खेळाडू बाद होतात आणि त्या आठवड्याचा खर्च अंगावर पडतो. बक्षिसांच्या रकमा मासीच्या काळापेक्षा फार वाढल्या, पण त्या वरच्या काही जणांच्याच हाती जातात. मधल्यांचे काय? ते मासीने केले तेच करतात. शिकवतात. आणि तिथे मात्र आजचे दिवस बरे आहेत. शहराशहरांतून सरावाची मैदाने निघाली आहेत, मुलांना शिकवायला पालक पैसे देतात, प्रशिक्षकाला रीतसर प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम आहे. २०२४ मध्ये तर व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेचे अध्यक्षपद कपिल देव यांच्याकडे गेले. क्रिकेटचे वेड असलेल्या आपल्या लोकांचे या खेळाकडे त्यामुळे थोडे तरी लक्ष वळले.

स्वयंपाकघरात पुन्हा

निघायच्या आदल्या संध्याकाळी बाई आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर मुलगाही आला होता. उन्हाने रापलेला, लाजाळू, हातापायाने भक्कम. तळव्यांना घट्टे पडलेले. मी त्याला विजय कुमारचे नाव विचारले. तो हसला. “भैया, उन्हें कौन नहीं जानता?” काकांनी माझ्याकडे पाहिले आणि वर्तमानपत्र पुन्हा तोंडापुढे धरले.

मी बाईंना सगळे सांगितले. होयलेकचा वारा सांगितला, तीस पौंड सांगितले, आणि मासी गरिबीत वारला हेही सांगितले. ते सांगावे की नाही याचा मी आदल्या रात्री बराच विचार केला होता. पण त्यांनी खरे सांगा म्हणून विचारले होते. दिल्लीचा अली शेर सांगितला, कोलकात्याचा चौरसिया सांगितला. मग म्हणालो, “दीदी, रोटी आहे. पण ती जिंकण्यात कमी आणि शिकवण्यात जास्त आहे. आणि ती मिळायला दहा-बारा वर्षे लागतात. तोवर दुसरी रोटी हवी.”

बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. तव्यावरची पोळी फुगली, ती त्यांनी उतरवली. मग मुलाकडे वळून म्हणाल्या, “रेल्वेचा फॉर्म भरशील?”

“भरेन.”

“आणि परीक्षेच्या दिवशी मैदानावर जाणार नाहीस?”

पोराने मान खाली घातली. “पेपर दुपारी असेल तर सकाळी जाईन,” तो म्हणाला.

मावशी खळखळून हसली. बाईंनाही हसू आवरले नाही. कोपऱ्यात, चपलांच्या शेजारी, त्याने एक जुनी काठी उभी करून ठेवली होती. मुठीचे रबर झिजलेले, त्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. कोणा सभासदाने टाकून दिलेली, ती याने दुरुस्त केली होती. जाताना त्याने ती उचलली, आईच्या हातातली भाजीची पिशवीही आपल्या खांद्याला अडकवली आणि दोघे फाटकाबाहेर पडले.